मूत्रपिंडविकार व गर्भारपण (पिंपरी-चिंचवड–चाकण पट्टा)

मूत्रपिंडाचा जुना आजार असताना दिवस राहणे आणि गर्भारपणात किंवा बाळंतपणात मूत्रपिंडाला नव्याने इजा होणे, या दोन्ही अवस्था या विषयात येतात. आईचा रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जातात, क्वचित मूत्रपिंड कायमचे निकामी होते. बाळ दिवस भरण्याआधी जन्मते किंवा पोटात असतानाच त्याची वाढ खुंटते. आजार सौम्य असेल आणि देखरेख नीट असेल, तर बहुतेक बाळंतपणे सुखरूप होतात.

निदानातली मोठी फसगत क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात त्या टाकाऊ पदार्थाच्या) आकड्यात आहे. गर्भारपणात मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची गती सुमारे निम्म्याने वाढते, त्यामुळे रक्तातले क्रिएटिनिन उतरते. दर डेसिलिटरला साधारण ०.४ ते ०.८ मिलिग्रॅम एवढेच राहते. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र सर्वसाधारण प्रौढांच्या मर्यादा छापलेल्या असतात. गर्भवतीचा १.० हा आकडा तिथे ‘नॉर्मल’ ठरतो, खरे तर त्याच आकड्याने डॉक्टरांनी सावध व्हायला हवे. लघवीच्या तपासणीतही वेळेला महत्त्व आहे. विसाव्या आठवड्याआधी प्रथिने सापडली तर आजार जुना असण्याचा संशय येतो. त्यानंतर वाढलेल्या रक्तदाबासह ती नव्याने दिसली तर प्री-एक्लॅम्पसियाचा, म्हणजे गर्भारपणामुळे रक्तदाब चढण्याच्या विकाराचा. सुरुवातीची तपासणीच नसेल, तर आठव्या महिन्यात हा फरक करणे फार अवघड जाते.

या पट्ट्यात सुरुवातीच्या तपासणीचा तो कागदच हरवण्याची भीती जास्त. भोसरी, चिखली, चाकण, म्हाळुंगे इथल्या भाड्याच्या खोल्यांत मराठवाडा, विदर्भ आणि परराज्यांतून आलेली कुटुंबे राहतात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, म्हणून सातव्या महिन्यानंतर बाई लातूर-नांदेडकडे जाते. प्री-एक्लॅम्पसियाचा धोका वाढतो तोही याच सुमारास. म्हणून माता व बाल संरक्षण कार्डासोबत पहिल्या तिमाहीतला रक्तदाब, क्रिएटिनिन व लघवीचा अहवाल तिच्या पिशवीत असणे कोणत्याही टॉनिकपेक्षा मोलाचे आहे.

कंपनीत उभ्याने काम करणाऱ्या गर्भवतीला पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची मोकळीक मिळालीच पाहिजे. गर्भारपणात मूत्रनलिका सैलावतात, लघवी साचते आणि लक्षणे नसलेला जंतुसंसर्गही मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. त्यातून ताप येतो, कळा लवकर सुरू होऊ शकतात. कंबरदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या टाळाव्यात.

बाळंतपणातला अतिरक्तस्राव, गर्भपातानंतरचा किंवा बाळंतपणानंतरचा जंतुदोष आणि तीव्र प्री-एक्लॅम्पसिया ही मूत्रपिंड अचानक बंद पडण्याची मुख्य कारणे. यांतल्या जंतुदोषावरचे पेनिसिलिन पिंपरीतच, १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात बनू लागले. जंतुदोषाने होणारे मातामृत्यू रोखण्यात प्रतिजैविकांचा वाटा फार मोठा आहे. आज गुंतागुंतीच्या केसेस महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात येतात. खेड, मावळ तालुक्यांतूनही रुग्ण इथे पाठवले जातात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते.

जुना आजार असलेल्या स्त्रीने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण नेहमीची काही औषधे बदलावी लागतात. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन या रक्तदाबावरच्या औषधांमुळे गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा होते. त्यांच्याऐवजी लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन दिले जाते. प्री-एक्लॅम्पसिया टाळण्यासाठी बाराव्या आठवड्यापासून अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन देतात. डायलिसिसवरही मूल होऊ शकते, पण आठवड्यातून दोन-तीनदा चार तासांचे नेहमीचे डायलिसिस पुरत नाही. कॅनडातील २०१४ च्या अभ्यासात आठवड्याला ३६ तासांहून अधिक डायलिसिस घेणाऱ्यांत सुमारे ८५ टक्के बाळे जिवंत जन्मली. २० तास किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. इतके तास यंत्र मिळवणे कामगार कुटुंबाला किती कठीण जाते, हे उपचार ठरवतानाच पाहायला हवे. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचे पहिले मूल अमेरिकेत १९५८ मध्ये जन्मले. आता प्रत्यारोपणानंतर किमान एक वर्ष थांबण्याचा सल्ला दिला जातो.

बाळंतपणानंतर रक्तदाब उतरला म्हणून तपासण्या थांबवू नयेत. तीन महिन्यांनीही लघवीत प्रथिने राहिली तर मूत्रपिंडविकारतज्ज्ञाला दाखवावे. तोवर बाई बाळाला घेऊन माहेराहून परतलेली नसेल, तर ही तपासणी माहेरच्या गावीच करून घ्यावी.