पग का धापतो? मांडीवरच्या कुत्र्यांचा इतिहास

आजचा भाग कुत्र्यांवर, आणि तोही मांडीवर मावणाऱ्या छोट्या कुत्र्यांवर. मे महिन्यात मालवणच्या चिवला बीचवर संध्याकाळी चक्कर मारा. पर्यटकांबरोबर एखादा पग किंवा शिह त्झू दिसतोच. आणि गावातलं कोणीतरी हमखास विचारतं, "ह्यो कुत्रो इतको धापता कित्याक?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

आधी शरीराचं समजून घेऊ. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ आणि नाकाच्या आतला ओलावा वाफ होऊन उडतो, तेव्हा तो थंड होतो. लांब नाक म्हणजे त्याचा कूलर. पगचं नाक चपटं, नाकपुड्या अरुंद आणि घशातला मऊ पडदा आहे त्या जागेत न मावणारा. त्यात आपली कोकणातली दमट हवा. हवेतच इतकी वाफ, की जिभेवरची उडणार कशी? म्हणजे तो "क्यूट घोरतो" असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा त्याला श्वास पुरत नसतो.

मग असा कुत्रा तयार कोणी केला? माणसानेच.

आपल्याकडे पूर्वी कुत्रा निवडायचे ते कामावरून. कारवानी आणि मुधोळ हाउंड शिकारीसाठी. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचं स्मारक आजही संगम माहुलीला आहे. पळता आलं नाही, दम टिकला नाही, तर त्या कुत्र्याची पैदास पुढे जायची नाही. तब्येतीची परीक्षा रोजच्या कामातच व्हायची.

हे गणित इंग्लंडमध्ये बदललं. 1859 मध्ये न्यूकॅसलला डॉग शो भरला. आधुनिक डॉग शोची सुरुवात तिथून धरतात. 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला. आता कुत्रा पळतो कसा यापेक्षा दिसतो कसा याला मार्क मिळू लागले. नाक आखूड हवं, तर दर पिढीत आणखी आखूड नाकाचे निवडा. शुद्ध रक्त हवं, तर नात्यातच जोड्या लावा.

आणि फॅशन ठरवायची राणी. व्हिक्टोरिया राणीला पग आवडायचे. 1860 मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगचा राजवाडा लुटला, तिथून आणलेला एक पेकिनीज राणीला भेट दिला गेला. त्याचं नाव काय ठेवलं? 'लूटी'! 1888 मध्ये इटलीच्या सहलीत तिला मार्को नावाचा छोटा पॉमेरेनियन मिळाला. त्यानंतर पॉमेरेनियन जितका लहान तितका भारी, अशी टूमच निघाली. आज तो साधारण दोन-तीन किलोचा असतो. गुडघ्याची वाटी सरकणं, श्वासनलिका दबणं ही त्याची नेहमीची दुखणी.

आता तुम्ही म्हणाल, पॉमेरियन तर आमच्या शेजारी होता, चांगला धडधाकट! तो बहुतेक पॉमेरेनियन नव्हताच. तो होता इंडियन स्पिट्झ. युरोपातल्या स्पिट्झपासून ब्रिटिश काळात इथे वाढलेला, आकाराने मोठा, नाक लांब, आपल्या उन्हाला सरावलेला. 1994 च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी आठवतो? तोच हा. तेव्हा चाळीत, बिल्डिंगीत, कोकणातल्या घरांच्या पडवीत पांढरा 'पॉमेरियन' दिसायचाच.

मग 2003 मध्ये हचच्या जाहिरातीत पोराच्या मागे मागे फिरणारा पग आला. जाहिरात गोडच होती, पण देशभर पगची मागणी चढली. मागणी चढली की पिल्लांचा कारखाना सुरू होतो. मादी पिंजऱ्यात आणि वेतावर वेत. स्पिट्झ मागे पडला. तो आजारी होता म्हणून नाही, जुना झाला म्हणून.

माझ्या मते मुद्दा इथेच आहे. पैदास म्हणजे निवड. तुम्ही ज्याला मार्क देता, तेच पुढच्या पिढीत वाढतं.

याचा पुरावा रशियात आहे. न्यूकॅसलच्या शोनंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1959 मध्ये, नोवोसिबिर्स्कला द्मित्री बेल्यायेव यांनी चंदेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. पुढे तो ल्युदमिला त्रूत यांनी चालवला. दर पिढीत सगळ्यात शांत, माणसाला न घाबरणारे कोल्हे तेवढे निवडायचे. रंगरूप बघायचंच नाही. काही पिढ्यांतच कोल्हे शेपटी हलवू लागले, माणसाचे हात चाटू लागले. म्हणजे मायाळू स्वभावसुद्धा निवडता येतो. मग तब्येत का नाही?

जग हळूहळू शहाणं होतंय. 2008 मध्ये बीबीसीने या पैदाशीवर माहितीपट दाखवला आणि इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. 2009 पासून तिथल्या केनेल क्लबने आई-मुलगा, भाऊ-बहीण अशा जोड्यांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली. आपल्याकडे 2016 मध्ये व्यावसायिक पैदाशीसाठी कुत्रे आयात करायला बंदी आली. 2017 मध्ये पैदाशीचे नियम आले. ब्रीडरची राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय पैदास नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचच्या वर नाही, आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही.

हे आठ आठवडे का? किती जोरात चावलं की दुसऱ्याला लागतं, हे पिल्लू आई आणि भावंडांकडूनच शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढे भित्रं किंवा चावरं व्हायची भीती जास्त.

पण नियम कागदावर असतात, मागणी आपल्या फोनमध्ये. रील बघून पिल्लू घ्यावंसं वाटलं, तर एवढं करा. ब्रीडरची नोंदणी विचारा. पिल्लाची आई बघायला मागा. ती तुमच्याजवळ मोकळेपणी येते का? दहा मिनिटं चालून तिला धाप लागते का? दाखवायला टाळाटाळ केली, तर पैसे खिशात ठेवा आणि परत या. कोकणात राहत असाल तर चपट्या नाकाचा विचारच नको. छोटा कुत्रा हवा तर स्पिट्झ आहे. आणि बंदरावरचं गावठी पिल्लू तर आपल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या पास झालेलं आहे, त्याला फक्त लस आणि घर हवं.

हा भाग अशा मित्राला पाठवा, जो या महिन्यात पिल्लू घ्यायच्या विचारात आहे. भेटू पुढच्या भागात!