तुटलेली तार : बेंजोपासून इलेक्ट्रिक गिटारपर्यंत

जालना–भोकरदन रस्त्यावरचे आमचे राजूर राजुरेश्वराच्या गणपतीसाठी प्रसिद्ध आहे. अंगारकीला टेकडीखालचे रस्ते माणसांनी भरून जातात. माझ्या लहानपणी मिरवणूक असो की लग्नाची वरात, बेंजो हवाच. माझे काका अशाच एका बेंजो पार्टीत वाजवत. लाकडी खोक्यावर टाइपरायटरसारखी बटणे, खाली पोलादी तारा आणि एका कडेने निघालेली वायर. ती वायर भोंग्याच्या मशीनला जोडली की काकांच्या बोटांतली धून वेशीपर्यंत ऐकू जाई.

पुढे डीजे आला, पार्टी मोडली. काकांचा बेंजो एक दिवस मुकाच झाला. बटणे चालत होती, तारा वाजत होत्या, भोंग्यातून मात्र आवाज येईना. काका गेल्यानंतर जुने घर पाडताना मी तो भंगारात दिला. भंगारवाल्याने धातूचे भाग काढून घेतले आणि लाकडी खोका चुलीसाठी ठेवून जा म्हणाला. त्यात आपण नेमके काय घालवले, हे मला कळले ते बऱ्याच वर्षांनी, एक जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतल्यावर. या दोन वाद्यांचे नाते शोधताना जे हाती लागले, ते इथे मांडतो.

आधी बेंजोचे मूळ पाहू. अमेरिकेतले चामड्याने मढवलेले बँजो ते वेगळे वाद्य. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज जपानी. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ तयार केले. तारेवर नेमक्या जागी बोट ठेवायला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. मोरितांनी टाइपरायटरवरून कल्पना घेऊन ते काम बटणांवर सोपवले. हे वाद्य पुढे दक्षिण आशियात आले आणि आपल्याकडच्या कारागिरांनी ते आपलेसे केले. शिकायला सोपे, किमतीला हलके आणि सिनेमाची धून चटकन निघणारे. गल्लीतल्या पोरांना आणखी काय हवे!

पण बुलबुल तरंगचा मूळ आवाज नाजूक आहे. ढोल-ताशापुढे तो टिकणार कसा? नेमकी हीच अडचण काही वर्षांपूर्वी अमेरिकेत गिटारवाल्यांना आली होती. तिथे हवाईयन गिटारचे वेड होते. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची ही गिटार वाद्यवृंदातल्या तुताऱ्यांपुढे ऐकू येत नसे. त्यावर जॉर्ज बोशाम्प आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३१-३२ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये उपाय काढला. ॲल्युमिनियमच्या त्या गोल गिटारला लोक ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. पेटंट मिळाले १९३७ मध्ये. म्हणजे बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार उभ्याने वाजवायची नव्हतीच, ती मांडीवरची होती. लिओ फेंडर यांची भरीव लाकडाची गिटार १९५० ची आणि गिब्सनची ‘लेस पॉल’ १९५२ ची.

बोशाम्पच्या उपायाचे तत्त्व मायकल फॅरेडे यांनी १८३१ मध्येच सांगून ठेवले होते. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेढे द्या. जवळ पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते. ती वीज मशीन मोठी करते. या वेटोळ्याला पिकअप म्हणतात. आवाजाचा नव्हे, तारेच्या हालचालीचा हा वेध. म्हणूनच नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकअप गप्प बसतो. काकांच्या बेंजोतून निघणाऱ्या वायरच्या मुळाशी हेच वेटोळे होते.

भारतात विजेची गिटार प्रथम रुजली तीही मांडीवरच. हवाईयन वादक ताऊ मो १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिले आणि त्यांनी अनेकांना शिकवले. लखनौचे व्हॅन शिप्ली मुंबईत आले. त्यांनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या धुनांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. उभी, रॉकच्या वळणाची गिटार सिनेमातून कानावर आली. १९७१ च्या ‘दम मारो दम’मधले गिटार भूपिंदर सिंग यांचे. हे सूर रेडिओवरून राजूरलाही आले, पण वाद्य आले नाही.

त्याचे कारण बाजारात आहे. मुंबईत १८६५ पासूनचे फुर्टाडोज होते, धोबी तलावाच्या परिसरात वाद्ये मिळत. पण परदेशी माल परवान्याच्या चौकटीत अडकलेला होता. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची संख्यात्मक बंधने पूर्ण उठली ती थेट एप्रिल २००१ मध्ये. चांगली गिटार हाती पडायची तर कुणी आखातातून, बोटीवरून आणायची, नाहीतर कुणी विकायला काढायची. मराठवाड्यातल्या खेड्याला ते कुठून परवडणार? त्याने आपली विजेची तार बेंजोत शोधली. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट केला, तेव्हा शहरी प्रेक्षकांना या वाद्याची ओळख नव्याने झाली. आम्हाला ती जुनीच होती.

आता माझ्या गिटारकडे वळतो. छत्रपती संभाजीनगरात ती मला जुन्यात मिळाली. घेताना जे पाहावे ते मी पाहिले. डोळ्याशी धरून मान वाकलेली नाही ना, प्रत्येक पडद्यावर सूर स्वच्छ निघतो ना, बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि तिथेच हलका स्पर्श करून काढलेला सूर जुळतात ना. मशीनला जोडून तिन्ही पिकअप मात्र एकेक करून ऐकले नाहीत. घरी आल्यावर कळले, एक मुका आहे. एका दुकानात दाखवली. उत्तर मिळाले, “हे दुरुस्त होत नाही, नवीन टाका.”

राजूरला मोटार रिवायंडिंगचे काम करणारे एक मामा आहेत. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी, पंखे यांची वेटोळी ते भरतात. पिकअप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आधी मीटर लावला. चांगल्या पिकअपमध्ये सहा-सात हजार ओहम दिसायला हवेत, इथे काहीच दिसेना. मग भिंग लावून पाहिले.

“तार जळाली नाही सर. जळालेली तार काळी पडती. ही तुटली, डाग दिलाय तिथंच.”

“नवी तार भरावी लागेल का, मामा?”

“कशाला? एक वेढा सोडायचा, टोक खरवडायचं अन् परत डाग द्यायचा.”

मिलिमीटरच्या सोळाव्या भागाइतकी ती तार, सात-आठ हजार वेढ्यांची. त्यांच्या नेहमीच्या तारेपुढे केसच. पण हात तोच. अर्ध्या तासात मीटरचा काटा हलला. पैसे घ्यायला ते तयार नव्हते, मीच बळेबळे दिले.

गिटार जपण्याच्या बाकीच्या गोष्टी मी हळूहळू शिकलो. घामाने तारा गंजतात म्हणून वाजवून झाल्यावर त्या पुसायच्या. आमच्या कडक उन्हाळ्यात लाकूड सुकून मान हलते, तेव्हा आतल्या पोलादी सळईला पाव फेरा देऊन थांबायचे आणि पाहायचे. आवाजाचे बटण खरखरले तर ते फेकायचे नाही, साफ करायचे.

पण त्या दिवशी दुकानाबाहेर पडताना माझ्या मनात गिटार नव्हती. काकांचा बेंजोही असाच एकाएकी मुका झाला होता. त्याचीही तार बहुधा डागापाशीच सुटली असणार. मामांचे दुकान तेव्हाही होते, आमच्या घरापासून शंभर पावलांवर. तिथे न्यावा असे कुणाच्या मनातच आले नाही, कारण वाद्य आणि पंपाची मोटार यांचे काही नाते असेल हे आम्हाला ठाऊक नव्हते.

इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास कंपन्यांच्या आणि थोर वादकांच्या नावांनी लिहिला जातो. आमच्या भागातल्या विजेच्या तारेचा इतिहास लिहायचा तर त्यात बेंजो पार्ट्या, भोंगेवाले आणि रिवायंडिंगवाले यांची नावे लागतील. ती कुठल्या ग्रंथात मिळणार नाहीत, वयस्क माणसांना विचारूनच जमवावी लागतील. मी राजूरपासून सुरुवात केली आहे. आपल्या घरी माळ्यावर एखादा जुना बेंजो असेल, तर तो भंगारात देण्याआधी एकदा जवळच्या रिवायंडिंगवाल्याला दाखवा. आणि तो कुणी बनवला, कुणी वाजवला, हे सांगणारे कुणी घरात असेल, तर ते आजच लिहून ठेवा.