अपुऱ्या हत्यारांचें वर्ष

सन २००७ च्या जून महिन्याच्या २९ तारखेस ॲपल कंपनीचा आयफोन अमेरिकेंत विक्रीस आला. आज ज्या छोट्या प्रोग्रॅमांना घरोघर ‘ॲप’ म्हणतात, ते बाहेरच्या कारागिरानें रचून फोनांत बसवावे अशी सोय त्या दिवशीं त्यांत मुळींच नव्हती. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज ह्यांनीं त्याच महिन्यांत प्रोग्रॅमकारांस सांगितलें होतें कीं, ज्यांना कांहीं करावयाचें असेल त्यांनीं वेबपानें रचावीं. फोनमधील ब्राउझर तीं दाखवील. एवढ्यानें कोणाचें समाधान होणार? कांहींनीं फोनचें कुलूपच तोडलें व आपलीं हत्यारें आपण घडविलीं. अखेर १७ ऑक्टोबर रोजीं जॉब्ज ह्यांनीं जाहीर केलें कीं, पुढील फेब्रुवारींत कंपनी स्वतःच असा हत्यारांचा संच देईल. तो ६ मार्च २००८ रोजीं आला, आणि तोही ‘बीटा’ म्हणून; म्हणजे पुरता सिद्ध होण्यापूर्वींच, चुका निघतील हें गृहीत धरून बाहेर दिलेला.

लोक किती उतावीळ झाले होते हें आंकड्यांवरून दिसतें. पहिल्या ४ दिवसांत १,००,००० हून अधिक वेळां हा संच उतरवून घेण्यांत आला. ९ जूनपर्यंत तो आंकडा २,५०,००० पर्यंत पोंचला. आपलें ॲप प्रत्यक्ष फोनवर चालवून पाहावयाचें तर मात्र ९९ डॉलर भरून कंपनीच्या योजनेंत शिरकाव मिळवावा लागे. त्यासाठीं २५,००० अर्ज आले आणि घेतले गेले ४,०००. बाकीच्यांच्या वांट्यास आला तो सिम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर उमटणारें फोनचें चित्र.

हें चित्र हुबेहूब होतें, आणि घात तेथेंच होता. सिम्युलेटर चाले तो मॅक संगणकाच्या इंटेल प्रोसेसरवर आणि त्याच्या ऐसपैस मेमरींत. खऱ्या आयफोनचा प्रोसेसर निराळ्या जातीचा, ४१२ मेगाहर्ट्‌झचा. मेमरी अवघी १२८ मेगाबाइट, आणि तींतही फोनच्या स्वतःच्या कामांचा वांटा मोठा. संगणकावर पाण्यासारखें वाहणारें ॲप फोनवर अडखळे. मेमरी संपत आली कीं फोनची यंत्रणा त्यास सरळ बंद करून टाकी, आणि वापरणाऱ्याला वाटे कीं ॲप मेलें. संगणकावर माउसचें अणकुचीदार टोंक अचूक जागीं टेकतां येई. फोनवर त्या जागीं माणसाचें बोट यावयाचें होतें आणि दाबावयाचें बटणच त्या बोटाखालीं झांकून जावयाचें होतें. फोन हातांत हळूहळू कलता करून खेळावयाचा एखादा खेळ असेल, तर सिम्युलेटर जवळजवळ निरुपयोगीच. नवऱ्यामुलाला न पाहतां त्याचा अंगरखा बेतण्यासारखें हें काम होतें.

त्यांत माप घेण्याची टेपही दर थोड्या दिवसांनीं बदलत होती. पडद्यावरील बटणांची मांडणी करण्याचें ‘इंटरफेस बिल्डर’ हें हत्यार पहिल्या आवृत्तींत आयफोनसाठीं चालतच नव्हतें. तें मार्चच्या अखेरीस दुसऱ्या आवृत्तीबरोबर आलें. एका आवृत्तींत चालणारी आज्ञा पुढल्या आवृत्तींत नांव पालटून येई किंवा नाहींशी होई. मग बिघाड झाला तर दोष कोणाचा? आपल्या रचनेचा, अर्ध्या हत्यारांचा, कीं फोनमधील यंत्रणेचा? असल्या वेळीं कारागीर शेजारच्या कारागिरास विचारतो. त्यालाही तोच अनुभव आला असेल तर दोष हत्याराचा, नाहीं तर आपला.

परंतु विचारण्यासच बंदी होती. संच घेतांना मान्य कराव्या लागणाऱ्या करारांत गुप्ततेचें कलम होतें. त्यामुळें बीटांतील गोष्टींविषयीं उघड लिहिणें वा बोलणें हा करारभंग ठरे. बीटाच्या काळापुरतें हें एक वेळ समजण्याजोगें होतें. पण १० जुलै २००८ रोजीं सुमारें ५०० ॲप घेऊन ॲप स्टोअर उघडलें, पहिल्या शनिवार-रविवारअखेर १ कोटी ॲप लोकांनीं उतरवून घेतले, तरीही कलम जागच्या जागीं राहिलें! वस्तु बाजारांत आणि तिची रीत कुलपांत, असा हा विलक्षण प्रकार. तयार होत आलेलें पुस्तकदेखील ह्या कलमामुळें अडून राहिलें. अखेर १ ऑक्टोबर रोजीं कंपनीनें, प्रसिद्ध झालेल्या सॉफ्टवेअरपुरतें, हें बंधन उठविलें. आपल्या कल्पना इतरांनीं चोरूं नयेत म्हणून तें घातलें होतें, असा तिचा खुलासा होता.

गूगलच्या गोटांतील कथा उलट दिशेनें निघाली, पण त्याच खड्ड्यापाशीं आली. अँड्रॉइडचा संच १२ नोव्हेंबर २००७ रोजींच सर्वांस खुला झाला. त्या वेळीं बाजारांत अँड्रॉइडचा एकही फोन नव्हता! तरीही लोकांनीं ॲप रचावे म्हणून १ कोटी डॉलरांचीं बक्षिसें जाहीर झालीं. येथील एमुलेटर फोनच्या प्रोसेसरच्या आज्ञा एकेक उलगडून चालवी. म्हणून तो अधिक प्रामाणिक, पण फार मंद. हत्यारें कच्ची असल्यामुळें मुदत ३ मार्चवरून १४ एप्रिल २००८ पर्यंत वाढवावी लागली. १,७८८ ॲप आले, त्यांतून ५० निवडले गेले. पुढें संचाच्या नव्या आवृत्त्या त्या निवडलेल्यांपुरत्याच गुपचूप धाडण्यांत येऊं लागल्या. इतरांना ही गोष्ट जुलैंत कळली, ती खासगी पत्ता सोडून सार्वजनिक पत्त्यावर गेलेल्या एका ईमेलमुळें. महिनोन्‌महिने जुन्या आवृत्तीवर झटणाऱ्यांचा संताप झाला, आणि तो रास्तच होता.

सर्वांसाठीं नवी बीटा १८ ऑगस्टला निघाली, तेव्हां जी-टॉकच्या द्वारें एका फोननें दुसऱ्याशीं बोलण्याची सोय आणि ब्लूटूथची सोय, ह्या दोन्ही काढून टाकल्याचें दिसलें. पहिलींत सुरक्षिततेचे धोके होते व दुसरीची आंखणी पुरी झाली नव्हती. कारणें सबळ होतीं, पण त्यांवर ज्यांनीं आपले ॲप उभारले होते त्यांचे श्रम वायां गेले. पहिली पक्की आवृत्ति २३ सप्टेंबरला आली, आणि अँड्रॉइडचा पहिला फोन २२ ऑक्टोबर २००८ रोजीं अमेरिकेंतील दुकानांत पोंचला. ब्लूटूथची सोय ॲप रचणाऱ्यांच्या हातीं परत आली ती ऑक्टोबर २००९ मध्यें, अँड्रॉइडच्या २.० ह्या आवृत्तीबरोबर.