टॅबवरचा मिक्सर : बिनतारी नियंत्रण कितपत भरवशाचे?

पेडण्यात देवळासमोर रंगणाऱ्या दशावतारी नाटकाला किंवा डिचोलीतील नव्याच्या सोमवारच्या गायन मैफलीला ध्वनियोजक आता मंडपाच्या मधोमध मिक्सर मांडून बसलेला दिसेलच असे नाही. टॅब हातात घेऊन तो शेवटच्या रांगेपर्यंत जातो, पेटी तिथे कशी ऐकू येते ते पाहतो आणि उभ्या जागी बोटाने आवाज कमी-जास्त करतो. मिक्सर रंगमंचाशेजारीच राहतो. प्रेक्षकांच्या पायांतून जाड केबल ओढण्याचा खटाटोप वाचतो.

या व्यवस्थेत हवेतून आवाज जात नाही, जातात त्या केवळ आज्ञा. त्यामुळे वाय-फायचा संपर्क तुटला तरी कार्यक्रम बंद पडत नाही. मिक्सर शेवटच्या स्थितीत चालू राहतो. धोका नेमका इथेच आहे. ध्वनिक्षेपक शिट्टी मारू लागला, किंवा रात्री दहा वाजता आवाज तातडीने उतरवायचा झाला, तर उतरवण्याचे साधनच हातात नसते. फेडर असलेल्या मिक्सरकडे धाव तरी घेता येते. फेडरच नसलेल्या, केवळ टॅबवर चालणाऱ्या छोट्या मिक्सरला तोही मार्ग नाही. म्हणून अशा मिक्सरला केबलने जोडलेला लॅपटॉप रंगमंचाशेजारी सुरू ठेवणे हा चोखंदळपणा नव्हे, ती प्राथमिक गरज आहे.

संपर्क तुटण्याचे पहिले कारण गर्दी. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात 2005 पासून परवानामुक्त असून त्याची रुंदी जेमतेम 83.5 मेगाहर्ट्झ आहे. एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या त्यात तीनच बसतात : 1, 6 आणि 11. त्याच पट्ट्यात घरोघरचे राउटर, ब्लूटूथ आणि काही बिनतारी माइकही असतात. नव्याच्या सोमवारी डिचोली शहरात एकाच रात्री ठिकठिकाणी मैफली होतात, तेव्हा या तीन वाहिन्यांवर किती भार पडत असेल याची कल्पना यावी. शिवाय माणसाचे शरीर हे मुख्यतः पाणी, आणि पाणी या लहरी शोषून घेते. दुपारी रिकाम्या मंडपात केलेली चाचणी रात्री फसते ती यामुळे. राउटर रंगमंचाखाली न दडवता प्रेक्षकांच्या डोक्यांहून उंच बांधावा.

5 गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक मोकळा आहे आणि 2018 च्या अधिसूचनेने त्याचा बराच भाग खुला झाला. मात्र त्याचा पल्ला कमी आणि भिंतीपलीकडे तो लवकर क्षीण होतो. त्यातील 52 ते 144 या वाहिन्या रडारसाठी सोडाव्या लागतात. रडारची चाहूल लागली, असे राउटरला वाटले की तो वाहिनी सोडून देतो. 36 ते 48 किंवा 149 ते 161 पैकी एक वाहिनी स्वतः ठरवून द्यावी, ‘ऑटो’वर विसंबू नये.

टॅबचीही एक खोड आहे. मिक्सरच्या नेटवर्कवर इंटरनेट नाही असे दिसताच तो ओळखीचे दुसरे नेटवर्क पकडतो. बाकीची जतन केलेली नेटवर्क त्यातून काढून टाकणे हा त्यावरचा साधा उपाय. वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला, तरी राउटर उभा राहायला मिनिटभर लागतोच. मिक्सर आणि राउटर दोन्ही यूपीएसवर हवेत.

सुरक्षिततेकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. अनेक मिक्सर आज्ञा कोणाकडून आली हे विचारतच नाहीत. नेटवर्कमध्ये शिरून योग्य अ‍ॅप उघडणारा कोणीही फेडर हलवू शकतो. म्हणजे वाय-फायचा पासवर्ड हेच एकमेव कुलूप, आणि काही मिक्सरांचे अंगभूत वाय-फाय कारखान्यातून येते तेच पासवर्डविना! डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3, लांब पासवर्ड, डब्ल्यूपीएस बंद, राउटरचा मूळ पासवर्ड बदललेला, एवढे किमान हवे. नेटवर्कचे नाव लपवल्याने काहीच साधत नाही. आयोजकांना किंवा कलाकारांना ‘जरा नेट’ म्हणून हेच नेटवर्क देऊ नये.

3 मे 2025 च्या पहाटे शिरगावच्या श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे बळी गेले. अशा गर्दीत ध्वनियंत्रणा ही मनोरंजनाची नव्हे, सूचना देण्याची यंत्रणा ठरते. घोषणेचा माइक तारेचाच असावा, त्याची वाट टॅबवर अवलंबून नसावी आणि तो कुठे आहे हे ध्वनियोजकाखेरीज आणखी एकाला तरी ठाऊक असावे.