बिनमातीच्या बादलीची कुळकथा

झाकणाची बादली, झाकणाला पाडलेले पेल्याएवढे भोक, त्यात बसवलेली जाळीची कुंडी आणि आत खत विरघळवलेले पाणी: घरगुती हायड्रोपोनिक्सचे सर्वांत साधे रूप एवढेच आहे. पंप नाही, वीज नाही. लेट्यूसचे रोप एकदा लावले की पाच-सहा आठवड्यांनी थेट कापणी. या कुळात सगळ्यांत आधी हीच बादली आली असेल असे वाटते, पण ती शेंडेफळ आहे. टाक्या, खडी, पंप, नळ्या हे सारे तिच्या आधी होऊन गेले. त्या सगळ्या खटाटोपामागचा प्रश्न एकच होता: पाण्यात बुडालेल्या मुळाला हवा कशी मिळायची?

कुळाची सुरुवात बॅबिलोनच्या झुलत्या बागांपासून किंवा मेक्सिकोतल्या चिनांपा शेतांपासून सांगण्याची पद्धत आहे. तिला फारसा अर्थ नाही. झुलत्या बागा होत्या की नाही यावरच वाद आहे; चिनांपा म्हणजे उथळ सरोवरात गाळ रचून केलेले वाफे. काश्मीरच्या दल सरोवरातल्या तरंगत्या बागाही पाणवनस्पती आणि गाळावरच उभ्या असतात. माती पाण्यावर ठेवणे वेगळे आणि माती काढून टाकणे वेगळे.

मातीशिवाय झाड वाढवण्याचा पहिला मोजूनमापून केलेला प्रयोग १६९९ साली इंग्लंडमध्ये छापून आला. जॉन वुडवर्ड यांनी पुदिन्याची रोपे पावसाच्या पाण्यात, थेम्स नदीच्या पाण्यात, हाइड पार्कच्या नळाच्या पाण्यात आणि बागेची माती ढवळलेल्या पाण्यात वाढवून त्यांची वजने केली. त्याआधी अर्धे शतक व्हॅन हेल्मोंट यांच्या वाळुंजाच्या प्रयोगावरून झाड निव्वळ पाण्याचेच बनते असा निष्कर्ष निघाला होता. वुडवर्ड यांच्याकडे मात्र पाणी जितके गढूळ तितका पुदिना जोमदार निघाला. म्हणजे झाडाला पोसणारे काहीतरी पाण्यातून येत होते. खिडकीत बाटलीत ठेवलेला मनीप्लांट हा त्या पावसाच्या पाण्यातल्या पुदिन्याचा भाऊबंद: जगतो, पण फोफावत नाही.

ते ‘काहीतरी’ नेमके काय, हे १८६०च्या सुमारास युलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवले. कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिमूटभर लोहक्षार एवढ्यावर काचेच्या बरणीतले झाड वाढू शकते. पुढची सत्तर वर्षे ही बरणी प्रयोगशाळेतच राहिली. झाडाला कोणते मूलद्रव्य लागते आणि कोणते नाही, हे तपासण्याचे ते साधन होते. त्यात भाजी पिकवून खावी असे कोणाच्या मनात आले नाही.

ते आले कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विल्यम गेरिक यांच्या. १९२९ साली त्यांनी ही पीकपद्धत म्हणून मांडली आणि टोमॅटोच्या सुमारे २५ फूट उंच वेली वाढवून दाखवल्या. ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव त्यांनीच १९३७ मध्ये रूढ केले. त्यांच्या उथळ टाकीवर तारेची जाळी असे, जाळीवर पेंढा आणि लाकडाच्या ढलप्यांचा थर. रोप त्या थरात उभे राही आणि मुळे खाली पाण्यात लोंबत. जाळी आणि पाणी यांच्यामध्ये थोडी पोकळी ठेवलेली असे, आणि वरची मुळे तिथली हवा घेत. वर्तमानपत्रांनी वेलींची उंची छापली. पोकळीकडे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि खरा शोध तिथेच होता.

गेरिक खतांचा तपशील द्यायला राजी नव्हते. विद्यापीठाने मग डेनिस होगलँड आणि डॅनियल आर्नन यांना पडताळणीला बसवले. १९३८च्या त्यांच्या पत्रिकेने गाजावाजाची हवा काढली: प्रकाश आणि हवामान सारखे असेल तर चांगल्या मातीतले उत्पन्न पाण्यातल्यापेक्षा कमी नसते. त्याच पत्रिकेतले द्रावणाचे कोष्टक मात्र ‘होगलँड द्रावण’ म्हणून जगभर गेले. एक अडचण तेव्हाही उरली होती. द्रावणातले लोह हळूहळू साक्याच्या रूपात बसून जाई आणि पाने पिवळी पडत, म्हणून ते पुन्हा पुन्हा घालावे लागे. १९५१ मध्ये बर्कलीच्याच लुइस जेकबसन यांनी लोह ईडीटीए या संयुगात बांधून एकदाच घालण्याची युक्ती दिली. आजची ‘लावा आणि विसरा’ बादली या एकाच घालण्यावर उभी आहे, तरी कुळकथांत जेकबसन यांचे नाव क्वचितच येते.

मुळांच्या हवेचा दुसरा मार्ग खडीतून निघाला. इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठात रॉबर्ट आणि ॲलिस विथ्रो यांनी खडीने भरलेले वाफे पंपाने भरायचे आणि रिकामे करायचे तंत्र बसवले. पाणी ओसरले की त्याच्या जागी खडीत हवा शिरते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने असेन्शनसारख्या उजाड बेटावर अशा वाफ्यांत भाजी पिकवली. घरगुती संचांमधली भरती-ओहोटीची ट्रे हेच त्याचे धाकटे रूप.

भारतात हे तंत्र आले ते पंप वजा करून. दार्जिलिंग जिल्ह्यात कालिंपाँग येथे जे. शोल्टो डग्लस यांनी १९४६च्या सुमारास प्रयोग सुरू केले आणि ‘बंगाल पद्धत’ बसवली. तिच्यावरचे त्यांचे पुस्तक १९५१ साली निघाले. काँक्रीटच्या टाक्या आणि यंत्रे परवडणार नाहीत हे गृहीत धरून त्यांनी साध्या पन्हाळींत खडी आणि बारीक चुरा भरला, कोरडे खत ओळींमधून भुरभुरले आणि वरून झारीने पाणी घातले. जाडे कण हवा धरतात, बारीक कण ओल धरतात. आज कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा ही दोन्ही कामे एकटा करतो. मात्र त्यात क्षार असतात, म्हणून तो आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावा लागतो.

गच्चीवर दिसणाऱ्या भोकांच्या पांढऱ्या पीव्हीसी नळ्यांचे मूळ इंग्लंडमध्ये, लिटलहॅम्प्टनच्या काचगृह संशोधन संस्थेत आहे. तिथे ॲलन कूपर यांनी १९६०च्या दशकात उतरत्या पन्हाळीतून द्रावणाचा काही मिलिमीटर जाडीचा पापुद्रा वाहवला: मुळांचा तळ ओला, पाठ हवेत. कूपर यांची पन्हाळ सपाट तळाची होती. गोल नळीत पाणी मधोमध साठते आणि पापुद्रा पातळ राहत नाही, हे संच विकणारे सहसा सांगत नाहीत. त्याहून मोठी उणीव म्हणजे वीज गेली की मुळे काही तासांत सुकू लागतात. भारनियमनाच्या गावात ही पद्धत इन्व्हर्टरशिवाय निवडू नये.

बादली आली हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्याकडून. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. मग पाण्यात बुडबुडे सोडण्यापेक्षा मूळच हवेत का आणू नये? सुरुवातीला कुंडीचा तळ द्रावणात टेकलेला असतो. रोप पाणी पिते, पातळी उतरते, आणि उघड्या पडलेल्या भागातली मुळे हवा घ्यायला सरावतात. गेरिक यांनी जाळीखाली राखलेली पोकळी इथे रोप स्वतःच करून घेते. म्हणूनच बादली पुन्हा काठोकाठ भरणे ही सर्वांत महाग चूक: हवेतली मुळे गुदमरतात आणि रोप माना टाकते.

घरी बांधताना एका लेट्यूसला सुमारे ४ लिटर द्रावण पुरते. भांडे अपारदर्शक हवे, नाहीतर शेवाळ धरते. खत ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत मिळते. घट्ट द्रावणातले कॅल्शियम सल्फेट-फॉस्फेटशी मिसळले तर साका बसतो, म्हणून दोन्ही पाण्यातच एकामागून एक घालायची, आपसांत नाही. सामू ५.५ ते ६.५ ठेवायचा. बोअरचे पाणी जड असेल तर सामू वर चढत राहतो. आरओसाठी घेतलेला टीडीएस मीटर क्षार मोजायला चालतो, सामूसाठी वेगळी पट्टी लागते. झाकणाची फट आणि रिकामी भोके बुजवायची, कारण साचलेले पाणी डासांनाही आवडते. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातला ऑक्सिजन आणखी घटतो आणि मूळकूज लागते. बादली सावलीत ठेवून वर ऊन फक्त पानांना मिळेल अशी जागा पाहावी.

लेट्यूस, पालक, पुदिना, तुळस यांना ही रीत मानवते. टोमॅटो आणि काकडी मात्र पाणी एवढे पितात की बादली मध्येच रिती होते. त्यांना पाणी घालावेच लागते, पण उतरलेल्या पातळीपर्यंतच, वरच्या मुळांना न भिजवता. तेवढी राखण जमत नसेल तर फळभाज्यांसाठी कोकोपीटची कुंडी आणि झारी बरी.