निर्दोषत्वाची प्रणयकथा आणि रायपूरचा एक खटला

काळ्या पाण्याच्या शिक्षेवर रचलेल्या ऐतिहासिक प्रणयकथेचा साचा बहुधा ठरलेला असतो. नायक किंवा नायिका निरपराध असते. कुणाच्या कपटामुळे अथवा न्यायासनाच्या आंधळेपणामुळे तिला समुद्रापार जावे लागते. तेथील यातनांत प्रेमाची कसोटी लागते, आणि अखेरीस सत्य उजेडात येते. निदान वाचकापुरते तरी येते. तरुण वाचकाला ही कथा आपलीशी वाटावी यात नवल नाही. ज्या वयात अन्याय प्रथम जाणवू लागतो आणि प्रेमाची ओढही प्रथम जागी होते, त्या वयाच्या दोन्ही भुका ती एकदम भागवते. तथापि या साच्यात इतिहासाचे नेमके काय हरवते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

या प्रकारातील इंग्रजीतील ठळक कृती म्हणजे मार्कस क्लार्क यांची 'फॉर द टर्म ऑफ हिज नॅचरल लाइफ' ही कादंबरी. तिचे पुस्तक १८७४ मध्ये प्रसिद्ध झाले. १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत ब्रिटनने दीड लाखाहून अधिक कैदी ऑस्ट्रेलियात पाठवले. त्या साऱ्यांच्या वतीने क्लार्क यांनी उभा केलेला रूफस डॉज मात्र न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगणारा आहे. मराठीत हे स्थान वि. दा. सावरकर यांच्या 'काळे पाणी' (१९३७) या कादंबरीकडे जाते. सावरकर १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे अंदमानात बंदिवान होते. त्यामुळे तुरुंगाचा कारभार, कोलूचे कष्ट आणि कैद्यांमधील उतरंड यांची त्यांना असलेली माहिती प्रत्यक्षातली होती. कथेचा कणा मात्र तोच. पळवून नेलेली मालती आणि तिच्या शोधात निघालेला किशन दोघेही अंदमानात येऊन पोहोचतात. कायद्याच्या लेखी ती कुणीही असोत, वाचकाच्या लेखी ती निष्पाप असतात. दोन भिन्न खंडांतले हे दोन लेखक एकाच आधारावर उभे आहेत. कैद्यावर प्रेम करावयाचे तर आधी तो निर्दोष ठरला पाहिजे, हा तो आधार होय.

इतिहास हा आधार मानत नाही. रायपूरचा एक खटला याची साक्ष देतो. छत्तीसगडचा हा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. पुढे तो इंग्रजी अमलाखाली आला. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी देण्यात आले. त्यांची कथा तेथील मुलामुलांना ठाऊक असते, कारण फाशीच्या कथेला स्पष्ट शेवट असतो. १८६४ मध्ये याच रायपुरात चाललेल्या खटल्याला असा शेवट नाही, आणि म्हणूनच बहुधा त्याची प्रणयकथाही झाली नाही.

खटल्यातील प्रमुख आरोपी सुरेंद्र साय हे संबलपूरच्या गादीचे एक हक्कदार होते. १८४० पासून ते हजारीबागच्या तुरुंगात होते. १८५७ मध्ये बंडवाल्या शिपायांनी तो तुरुंग फोडला तेव्हा ते सुटले आणि संबलपूरच्या डोंगरात त्यांनी झुंज चालू ठेवली. १८६२ मध्ये ते शरण आले. त्याच वर्षी संबलपूर नव्या मध्य प्रांतात दाखल झाल्यामुळे त्यांचे भवितव्य रायपूर आणि नागपूर येथील कचेऱ्यांच्या हाती गेले. जानेवारी १८६४ मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना पुन्हा पकडण्यात आले, आणि रायपूरच्या न्यायालयाने त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. हे प्रकरण नागपूरच्या न्यायिक आयुक्तांपुढे गेले. कॅम्पबेल यांनी पुरावा तपासून ही शिक्षा रद्द केली.

प्रणयकथा येथे संपली असती. निर्दोषत्व सिद्ध झाले, बेड्या तुटल्या, नायक घरी परतला! प्रत्यक्षात सरकारने १८१८ च्या तिसऱ्या विनियमाचा आधार घेतला. या विनियमाखाली कुणालाही खटल्यावाचून अटकेत ठेवता येत असे. न्यायालयाने ज्यांची शिक्षा रद्द केली ते सुरेंद्र साय अखेर असीरगडच्या किल्ल्यात बंदिवान म्हणूनच राहिले आणि १८८४ मध्ये तेथेच मरण पावले. त्यांनी समुद्र कधी ओलांडला नाही. पण गाव, नातीगोती आणि परतीची आशा यांपासून तोडणे हा जो काळ्या पाण्याचा गाभा, तो त्यांना पुरेपूर भोगावा लागला. कथेत निर्दोषत्व ही कुलपाची किल्ली असते. रायपूरच्या खटल्यात तिने एकही दार उघडले नाही.

याची दुसरी बाजू अंदमानात दिसते. मार्च १८५८ मध्ये डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरले आणि वसाहत सुरू झाली. लवकरच स्त्री-कैदीही आणल्या जाऊ लागल्या. पुरुष कैदी संसाराला लागला म्हणजे शांत राहील, असा सरकारचा हिशेब होता. काही वर्षे शिक्षा भोगून स्वतःच्या कष्टावर राहण्याची मुभा मिळालेल्या पुरुषाला, अधिकाऱ्याच्या परवानगीने, स्त्रियांच्या तुरुंगातून पत्नी निवडता येई. मुलखात मागे राहिलेल्या पतीचे वा पत्नीचे काय, याचाही निवाडा कचेरीतच होई. या स्त्रियांपैकी अनेकींना पतीच्या किंवा नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली होती. मालतीच्या साच्यात त्या बसत नाहीत. तरीही त्यांनीच तेथे चुली मांडल्या आणि निरनिराळ्या प्रांतांच्या, जातींच्या माणसांतून हिंदुस्थानी बोलणारा एक नवा समाज जन्माला घातला. तुरुंगाच्या दारातून जमलेल्या त्या संसारांत जिव्हाळा कधीच उगवला नसेल, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण तो उगवला तो निर्दोषत्वाच्या बळावर नव्हे.

म्हणजे एकीकडे शिक्षा रद्द होऊनही ज्याची सुटका झाली नाही असा पुरुष, आणि दुसरीकडे दोष माथी असूनही जिने आयुष्य नव्याने मांडले अशी स्त्री. काळ्या पाण्याचा इतिहास या दोहोंच्या मध्ये पसरलेला आहे. रूढ प्रणयकथेला मात्र यांपैकी एकाही टोकाला हात घालवत नाही. निर्दोष पात्र निवडल्याने लेखकाचे काम सोपे होते, कारण मग शिक्षेच्या व्यवस्थेला प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. चुकून सापडलेल्या एका जिवाची सुटका झाली की वाचकाचे मन भरते आणि उरलेले हजारो कैदी पार्श्वभूमीत विरून जातात.

काळ्या पाण्याची शिक्षा भारतीय दंडविधानातून १९५६ च्या आरंभी गेली. तिच्या जागी आजीवन कारावास आला. आता ती केवळ साहित्याचा आणि इतिहासाचा विषय उरली आहे. तरुणांसाठी या विषयावर लिहिणाऱ्याने प्रणय टाळावा असे मुळीच नाही. प्रेमाच्या वाटेनेच तरुण वाचक इतिहासात शिरतो. मात्र त्या वाटेच्या तोंडाशी निर्दोषत्वाचा दाखला मागणारा पहारेकरी उभा करण्याचे कारण नाही. जिच्या हातून खरोखरच गुन्हा घडला अशा एखाद्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीवर वाचकाला जीव लावावयास शिकवील, ती कादंबरी मराठीत या विषयाला खरा न्याय देईल.