सेतारमधला छोटा सैतान

फारसीत ‘से’ म्हणजे तीन. इराणच्या सेतारला आज चार तारा असतात, नाव मात्र जुनेच राहिले. तिच्या खुंट्यांखाली तारा टेकवणारी एक बारीक पट्टी असते. आपल्या सतारीत तिला अटी म्हणतात. इराणी लोक ‘शैतानक’, म्हणजे छोटा सैतान म्हणतात. हे नाव वाचून मी आधी हसलो.

दहाव्या शतकात अल-फाराबी यांनी ‘किताब अल-मूसीकी अल-कबीर’मध्ये सुरांच्या जागा तारेच्या लांबीच्या प्रमाणात मांडल्या. आपल्या भाषेत सांगायचे तर तार निम्मी केली की वरचा षड्ज, दोन तृतीयांश ठेवली की पंचम. पण ही लांबी मोजायची कुठून? सेतारमध्ये याच पट्टीच्या कडेपासून. तिची खाच सैल झाली, तर तार झणझणते. पट्टी उंच राहिली, तर पडद्यावर दाबताना तार जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. फार खाली गेली, तर तार पडद्यांवर आपटते. केसभर चुकीने कागदावरचे गणित हातात खोटे ठरते.

इस्लामी सुवर्णयुगाचा अभिमान सांगताना आपण तत्त्वज्ञांची नावे घेतो. पण कानशीने खाच घासून हा सैतान काबूत ठेवणारे कारागीरही त्याच इल्मचे वारस आहेत. त्यांची आठवण कोण ठेवणार?